हंपीला जाताय? आधी कमलापूरचं संग्रहालय बघा

बेळगावकडची मंडळी हंपीत विरूपाक्ष, विठ्ठल मंदिर, दगडी रथ उरकतात आणि कमलापूरच्या पुरातत्त्व संग्रहालयापाशी पोचतात तेव्हा पाच वाजून दार लागलेलं असतं. क्रम उलटा करा. हुबळी-गदगमार्गे आदल्या रात्री होस्पेटला मुक्काम ठोका. तिथून कमलापूर जेमतेम १२ किलोमीटर, त्यामुळे दहाला दार उघडताच आत जाता येतं. शुक्रवारी मात्र ते बंद असतं. तिकीट टाकू नका, त्याच दिवशी तेच विठ्ठल मंदिराला आणि कमळ महालाच्या आवारालाही चालतं.

संग्रहालयाच्या चौकात अख्ख्या हंपीची मोठी प्रतिकृती आहे. तिच्याभोवती सावकाश फिरा. नदी कुठे, डोंगर कुठे, राजवाड्याचा भाग देवळांपासून किती लांब, हे एकदा डोक्यात बसलं की पुढची पायपीट वाया जात नाही. वीरभद्र, भैरवाच्या मूर्ती सुरेख आहेतच, पण खरा वेळ द्यावा तो उत्खननात निघालेल्या वस्तूंना: लोखंडी अवजारं, चुन्याच्या गिलाव्यातल्या मूर्ती, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे. समुद्रापलीकडची ही भांडी इथल्या घरांत वापरात होती!

मग राजवाड्याचा परिसर गाठा. १५६५ला तालिकोटच्या लढाईत विजयनगर साम्राज्य हरलं आणि त्याची राजधानी असलेलं हे शहर लुटलं, जाळलं गेलं. महालांचा वरचा भाग लाकडी, तो गेला. उरली दगडी जोती. शंभर खांबांच्या सभामंडपाच्या चौथऱ्यावर आता नुसत्या खांबांच्या बैठका ओळीने दिसतात. प्रतिकृती न बघता आलेल्याला इथे दगडांपलीकडे काही दिसत नाही, आणि तो पाच मिनिटांत परततो.

पायऱ्यांची काळ्या दगडाची पुष्करणी चुकवू नका. १९८०च्या दशकातल्या उत्खननात ती मातीखालून बाहेर आली. दगड आधी घडवून, खुणा करून मग जागेवर बसवलेले. दिशा, थर, पायरी सांगणारी कन्नड अक्षरं त्यांच्यावर अजून आहेत. शाळेत कन्नड शिकलेल्यांनी ती वाचून बघावीत; खाली उतरू दिलं नाही, तर मोबाईलचा कॅमेरा झूम करा. पाणी आणणारी दगडी पन्हळ शेजारीच खांबांवर उभी आहे.

इथे सावली जवळपास नाही आणि दुपारी दगड भाजतो. माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि पायाला रुळलेल्या चपला बऱ्या.