आइस स्केटला धार लावणारे नौपाड्यातील दुकान

माझा मुलगा नेरुळला चाकांच्या स्केटवर हॉकी शिकला आणि गेल्या हिवाळ्यात बर्फावरील सरावासाठी लेहला गेला. तिथे त्याचा पाय प्रत्येक वळणावर सटकत होता, कारण निघण्यापूर्वी एका कारागिराने पाते सुरीसारखे घासून सपाट केले होते. वास्तविक या पात्याच्या तळाला लांबीभर उथळ खाच असते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या कडाच बर्फ पकडतात. खाच जितकी खोल, तितकी पकड घट्ट, मात्र घसरण्याचा वेग कमी.

नौपाड्यातील या लहानशा दुकानाच्या मालकांनी आधी मुलाचे वजन विचारले, मग अर्धा इंच त्रिज्येची खाच काढली आणि पात्यावर नाणे आडवे ठेवून दोन्ही कडा एका उंचीला आल्याची खात्री मला करून दिली. उत्तर अमेरिकेतील अमेरिकन हॉकी लीग (एएचएल) या आइस हॉकीच्या दुय्यम लीगमध्ये प्रत्येक संघ हंगामात 72 सामने खेळतो. तिथल्या खेळाडूची कारकीर्दही याच बारीक कडांवर उभी असते, हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने उमगले. कामाला चार दिवस लागले, ते दोनवर यायला हवेत. तरीही पुढच्या हिवाळ्याआधी स्केट इथेच देणार आहे.