जुनी जर्मन पेट्रोमॅक्स घेणाऱ्यांनो, पैसे द्यायच्या आधी हे वाचा

मराठवाड्यात जुन्या गॅसबत्त्या जमवणारे आपण मोजकेच लोक, आणि कोण काय शोधायलंय हे भंगारवाल्यापासून जुन्या बाजारातल्या पोरापर्यंत सगळ्यांना माहीत झालंय, याचाच फायदा एक जण घ्यायलाय. माझे 26 हजार गेले. नांदेड अन् जालन्याच्या दोघांनापण त्यानं तेच फोटो पाठवलेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मला पाहिजे होती दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची पेट्रोमॅक्स, बर्लिनच्या एरिश अँड ग्रेट्झ कंपनीची, 500 कँडलपॉवरवाली. आपल्याकडं वरातीत डोक्यावर घ्यायचे किंवा तमाशाच्या फडात टांगायचे त्यातल्या पुष्कळशा इथंच बनलेल्या. अस्सल जर्मन सापडली तरी टोपी एकीची आणि टाकी दुसरीची, कारण दुरुस्तीवाला हाताला लागंल ते बसवायचा, त्याचंही बरोबर होतं म्हणा, त्याला दिवा पेटलेला पाहिजे होता. म्हणून टाकी, पंप, टोपी सगळं एकाच दिव्याचं असलेली मिळणं लई अवघड.

तर एक दिवस फोन आला, "काका, आजोबा निजामाच्या कचेरीत होते, पोलिस ॲक्शनच्या आधीपासून हा दिवा वाड्यात हाय." फोटो पाठवले ते खरोखर अस्सल दिव्याचे होते, टाकीवरचा ठसा स्पष्ट, पितळ काळपट पडलेलं, कुणी चिंचेनं घासलेलं नाही. मग पुण्याची पार्टी मागं लागलीय म्हणून त्यानं 6 हजार ॲडव्हान्स यूपीआयवर मागून घेतला. वाडा बघायला येतो म्हणलं तर म्हणे घरी सुतक आहे, तुम्ही उदगीरच्या अलीकडं फाट्यावर या. सुतक म्हणल्यावर माणूस पुढं काय बोलणार?

आम्ही पोचलो तवा दिवस मावळला होता आणि त्यानं दिवा आधीच पेटवून ठेवला होता. सगळी चलाखी इथंच आहे बघा. पेटलेली गॅसबत्ती उलटी करून बूड बघता येत नाही, मेंटलच्या (आतल्या जाळीच्या पिशवीच्या) उजेडानं डोळे दिपतात, त्यामुळं खालच्या टाकीवरची अक्षरं वाचता येत नाहीत, अन् काच तापलेली असल्यानं हातही लावता येत नाही. वरची टोपी खरीच जुनी जर्मन होती, ती तो मुद्दाम दाखवत होता. दिवा विझवला की लगेच "काच तडकंल, गार होऊ द्या, घरी गेल्यावर बघा" म्हणत बारदान गुंडाळून आमच्या गाडीत उभा करून दिला, 20 हजार रोख मोजून घेतले आणि मोटरसायकलवर गेला.

सकाळी उन्हात बघितलं तर टाकीवरचं नाव बारीक बारीक ठिपक्यांचं. भांड्याच्या दुकानात लग्नाच्या ताटावर मशीननं नाव टाकून देतात ना, तसंच. खरा ठसा पत्र्यात दाबलेला असतो आणि निकेल त्याच्यावरून चढलेलं असतं, इथं निकेल खरवडून अक्षरं काढलेली आणि खोलात गंज दिसायलेला. पितळाला गंज चढत नाही. लोहचुंबक लावला तर खटकन चिकटला. लोखंडी पत्र्याची नवी टाकी, बुडाच्या जोडावर ओबडधोबड डाख, वरून काळं फासून जुनाट केलेली.

पैशापेक्षा मला राग याचा आहे की ही गोष्ट जिवाशी येऊ शकते. पंप मारून टाकीत हवेचा दाब करायचा, त्या दाबानं रॉकेल नळीतून वर चढतं, तापून त्याची वाफ होते आणि ती मेंटलवर जळते. असल्या टाकीचा डाख दाबाखाली सुटला तर रॉकेलची चिळकांडी सरळ जाळावर. गणपतीत आम्ही गॅसबत्ती लावतो, भोवती लेकरं बसलेली असतात!

पोलिसात तक्रार दिलीय, यूपीआयच्या 6 हजारांची 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पण नोंदवलीय. त्याचा नंबर बंद आहे, पण तो दुसऱ्या नंबरवरून येणारच, कारण खरा दिवा त्याच्याकडंच आहे. फोटोतल्या त्या दिव्याच्या टोपीवर, कडीच्या डाव्या बाजूला, बोटाएवढा पोचा आहे आणि पंपाची मूठ लाकडी आहे, मागून बसवलेली. असा फोटो आला तर दिवा विझलेला, टाकी रिकामी आणि दिवसाउजेडी बघायला मागा, टाकीला सगळीकडून चुंबक लावा. कुणी 1935 चा म्हणून सांगत असंल आणि ठशात वेस्टर्न जर्मनी असंल तर तिथंच सोडा, पश्चिम जर्मनी हा देशच 1949 ला झाला. आणि त्या माणसाचा फोन आला तर बोलणं चालू ठेवून मला कळवा, तक्रारीचा नंबर मी देतो, दोघातिघांनी मिळून गेलो तर ठाण्यात जरा लक्ष देतील.