फ्रीबीएसडीसोबत ११ महिने: काही बिघडलं तेव्हाचा अनुभव

११ महिन्यांपूर्वी एका जुन्या डेस्कटॉपवर फ्रीबीएसडी (युनिक्सच्या घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम) १४.२ टाकलं, आता त्यावर १४.३ आहे. ८ जीबी रॅम, झेडएफएस या फाइलसिस्टिमच्या मिररमध्ये, म्हणजे तीच माहिती दोन्हींवर ठेवणाऱ्या जोडीत, दोन हार्ड डिस्क आणि दोन पोर्टचं इंटेलचं नेटवर्क कार्ड. हे मशीन घरचा गेटवे आहे (घरातलं सगळं इंटरनेट त्याच्यातूनच जातं), साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देण्याचं डीएनएसचं काम तेच करतं आणि सगळ्यांच्या फाइलीही त्याच्यावरच आहेत. ते अडलं की घरातलं प्रत्येक यंत्र अडतं. ते बसवावं कसं यावर भरपूर लिहिलेलं सापडतं, म्हणून मी तो भाग सोडून देते. मला लिहायचंय ते बिघाडाच्या दिवसांबद्दल. एखादी ऑपरेटिंग सिस्टिम कशी आहे हे मला तरी त्याच दिवसांत कळतं.

पहिली अडचण तिसऱ्या आठवड्यातच आली. मोठ्या फाइली कॉपी करताना वेग सेकंदाला ११ मेगाबाइटच्या वर जाईना. कार्ड गिगाबिट, स्विच गिगाबिट, मग १०० च्या पुढे जायला हवं होतं. मी आधी डिस्कवर संशय घेतला, मग झेडएफएसच्या सेटिंगमध्ये शिरले आणि एक अख्खी संध्याकाळ तिथे घालवली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. खरं उत्तर नेटवर्क कार्डाच्या पोर्टची स्थिती दाखवणाऱ्या ‘इफकॉन्फिग ईएम१’ एवढ्या एका आज्ञेत होतं. त्यातली मीडियाची ओळ सांगत होती: ऑटोसिलेक्ट, १००बेस-टीएक्स, फुल डुप्लेक्स. म्हणजे तार जोडलेली आहे, पण दोन्ही टोकांनी १०० मेगाबिटवर समझोता केलाय. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. उरलेल्या दोनांतली एखादी तार तुटली तर बरीच कार्डं जोडणी न सोडता खालच्या वेगावर उतरतात, आणि वापरणाऱ्याला फक्त ‘हळू चालतंय’ एवढंच जाणवतं. केबल टेबलाच्या पायाखाली दबून चेपली होती. नवी लावली, ओळ बदलून १०००बेस-टी झाली आणि विषय संपला.

ती संध्याकाळ वाया गेली नाही. तेव्हापासून मी एक क्रम ठरवलाय आणि तो मोडत नाही: आधी तार, मग कार्ड, मग पत्ता, मग रस्ता, मग नाव, आणि शेवटी प्रोग्राम. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? फ्रीबीएसडीत या प्रत्येक पायरीला एकेक सरळ प्रश्न विचारता येतो आणि त्याचं सरळ उत्तर मिळतं. ‘पीसीआयकॉन्फ -एलव्ही’ सांगतं की बोर्डाला कार्ड दिसतंय का आणि त्याला ड्रायव्हर मिळालाय का. ड्रायव्हर नसेल तर ओळीच्या सुरुवातीला ‘नन’ असं नाव येतं, आणि एवढ्यानेच निम्मा तपास होतो. ‘नेटस्टॅट -आय’ मध्ये चुकलेल्या पॅकेटांचा रकाना असतो. ‘नेटस्टॅट -आरएन’ मध्ये रस्ते. डीएनएससाठी ‘ड्रिल’. यातलं बहुतेक मूळ प्रणालीसोबतच येतं. नेटवर्क बंद असताना नेटवर्क दुरुस्त करायचं साधन उतरवून घ्यावं लागत नाही, याची किंमत त्या वेळीच कळते.

इंटरफेसच्या, म्हणजे नेटवर्क पोर्टच्या, नावांबद्दलही सांगायला हवं. इथे नाव ड्रायव्हरवरून पडतं: ईएम०, आयजीबी०, आरई०. लिनक्सवर आता बहुतेक ठिकाणी कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये आहे त्यावरून नाव ठरतं, आणि त्याचेही फायदे आहेत. पण मला पहिली पद्धत भावली, कारण नावातच पुढचा दुवा असतो. ‘मॅन ४ ईएम’ लिहिलं की त्या ड्रायव्हरचं पान उघडतं. कोणती कार्डं चालतात, कोणत्या सेटिंग बदलता येतात, लॉगमध्ये अमुक ओळ आली तर तिचा अर्थ काय, सगळं त्यात. ही मॅन पानं आणि हँडबुक मनापासून लिहिलेली आहेत. मी ११ महिन्यांत जेवढं शिकले त्यातलं बरंचसं इंटरनेट बंद असताना, त्याच मशीनच्या काळ्या पडद्यावर वाचून शिकले.

दुसरा प्रसंग डिस्कचा. प्रणाली रोज पहाटे रूटच्या, म्हणजे मुख्य खात्याच्या, नावाने एक अहवाल पाठवते. त्यात डिस्कवरची जागा, नेटवर्क इंटरफेसची आकडेवारी, आणि आपण चालू केलं तर झेडएफएसची स्थितीही असते. आरंभी मी ते न वाचता पुसत असे. एके दिवशी त्यात दिसलं की दुसऱ्या डिस्कसमोर, एडीए१ समोर, वाचनाच्या चुकांचा आकडा शून्य राहिलेला नाही. पोटात गोळा आला, कारण त्या मिररवर १२ वर्षांचे फोटो आहेत. ‘डीमेसेज’ मध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या संदेशांत, त्याच डिस्कच्या नावाने सीआरसी चुकीच्या (माहिती वाटेत बिघडल्याच्या) ओळी होत्या.

इथे घाईने नवी डिस्क मागवण्याचा मोह होतो. मी आधी स्मार्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीचे ठेवलेले आकडे, दाखवणारं स्मार्टसीटीएल चालवलं. ते मूळ प्रणालीत नसतं, स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज घ्यावं लागतं. त्यात तीन आकडे पाहायचे. ५ क्रमांकाचा आकडा सांगतो की किती सेक्टर खराब होऊन बदलले गेले. १९७ क्रमांकाचा सांगतो की किती सेक्टर अजून संशयित आहेत. माझ्याकडे हे दोन्ही शून्य होते. १९९ क्रमांकाचा आकडा मात्र शेकड्यात होता, आणि तो डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेल्या माहितीची मोजणी करतो. डिस्कच्या पृष्ठभागाचा त्याच्याशी संबंध नसतो. म्हणजे दोष साटाच्या केबलमध्ये किंवा तिच्या टोकात. केबल बदलली, ‘झेडपूल क्लिअर’ ने चुकांचे आकडे पुसले, मग सगळी माहिती वाचून पडताळणारा ‘झेडपूल स्क्रब’ लावून रात्रभर सोडलं. सकाळी शून्य चुका. १९९ चा आकडा पुन्हा खाली येत नाही, हे माहीत नसेल तर माणूस उगाच घाबरतो. तो जिथे आहे तिथेच थांबलाय का, एवढंच बघायचं. माझा अजून थांबलेला आहे.

या प्रसंगात झेडएफएसने जे केलं त्याबद्दल मला कृतज्ञता वाटते. प्रत्येक ब्लॉकची चेकसम, म्हणजे त्यातल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा, ते जपतं, वाचताना पडताळतं आणि मिररमध्ये दुसरी प्रत चांगली असेल तर तिच्यावरून दुरुस्त करतं. अशी पडताळणी नसलेल्या फाइलसिस्टिमवर बिघडलेली माहिती चांगली म्हणून हातात पडू शकते. माझी एकही फाइल गेली नाही.

तिसरी अडचण सगळ्यात चिवट होती आणि तिच्यातूनच मी सर्वात जास्त शिकले. वीज गेली, दोन तासांनी आली, मशीन आपोआप सुरू झालं, पण घरात कुणालाच एकही साइट उघडेना. मी ठरलेल्या क्रमाने खालून सुरुवात केली. तार ठीक. कार्ड ठीक. पत्ता मिळालेला. बाहेरच्या एका आयपी पत्त्याला पिंग केलं तर लगेच उत्तर. म्हणजे रस्ताही ठीक. ‘ड्रिल’ ने नाव विचारलं तर मात्र ‘सर्वफेल’, म्हणजे सर्व्हरला उत्तर देता आलं नाही अशी चूक. तेच नाव बाहेरच्या डीएनएस सर्व्हरला विचारलं तर बिनचूक उत्तर. म्हणजे घोडं माझ्याच मशीनवर डीएनएसचं काम करणाऱ्या अनबाउंड या प्रोग्रामपाशी अडलेलं.

अनबाउंडचं लॉग वाढवून पाहिलं. तिथे म्हटलं होतं की सहीची मुदत अजून सुरूच झालेली नाही. हे वाक्य मी तीनदा वाचलं. डीएनएसेक ही डीएनएसची उत्तरं खरी आहेत का हे तपासायची सोय, तीत नोंदींवर डिजिटल सही असते आणि त्या सहीला सुरुवातीची व शेवटची वेळ असते. ‘डेट’ लिहून पाहिलं, तर मशीन २०१५ च्या जानेवारीत जाऊन बसलं होतं. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, संपला होता. वीज असेपर्यंत घड्याळ चाललं, वीज गेली तशी वेळ पुसली गेली.

मग इंटरनेटवरून घड्याळ जुळवणाऱ्या एनटीपीने वेळ सुधारायला नको होती का? तिथेच तर गाठ होती. एनटीपीच्या सर्व्हरचे पत्ते नावांनी लिहिलेले. नाव सोडवायला अनबाउंड हवं. अनबाउंडला सह्या तपासायला बरोबर वेळ हवी. वेळ द्यायची ती एनटीपीने. तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले. शिवाय फरक १००० सेकंदांहून जास्त असला तर एनटीपीडी (एनटीपी चालवणारा प्रोग्राम) एरवी काम सोडून बाहेर पडतं, कारण एवढी मोठी उडी त्याला संशयास्पद वाटते. मी हाताने तारीख लावली, सेवा पुन्हा सुरू केल्या आणि नेट चालू झालं. नंतर सेल बदलला, आरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलीत ‘एनटीपीडी सिंक ऑन स्टार्ट’ चालू केलं, म्हणजे सुरू होताना एकदा मोठी उडी चालते, आणि एनटीपी.कॉन्फमध्ये एक सर्व्हर नावाऐवजी थेट आयपी पत्त्याने लिहिला. तुमच्याकडे अशी मांडणी असेल तर सेल संपायची वाट न बघता आजच हे करून ठेवा.

चौथी अडचण गेटवेमागच्या लॅपटॉपवर दिसली. काही साइट उघडत, काही अर्ध्यावर अडकून बसत. गेटवेवरून मात्र सगळंच चालायचं. माझी इंटरनेटची जोडणी पीपीपीओई पद्धतीची आहे. त्यात प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट वेष्टनात जातात, म्हणून १५०० ऐवजी १४९२ च उरतात. लॅपटॉपला हे ठाऊक नसतं. तो समोरच्या सर्व्हरला १५०० च्या हिशेबाने आकार सांगतो, सर्व्हर तेवढी मोठी पॅकेटं पाठवतो आणि ती वाटेत गळून पडतात. ‘आकार कमी करा’ असा आयसीएमपी निरोप मागे जायला हवा, पण अनेक फायरवॉल तो अडवतात. ‘पिंग -डी -एस १४६४’ जातं आणि १४६५ जात नाही, हे पाहिल्यावर खात्री पटली, कारण १४६४ मध्ये २८ बाइटची हेडरं मिळवली की नेमके १४९२. येणारीजाणारी पॅकेटं दाखवणाऱ्या ‘टीसीपीडम्प’ मध्येही दिसत होतं: हात मिळवणी पूर्ण, लॅपटॉपने एमएसएस (हेडरं सोडून एका पॅकेटमधल्या माहितीचा कमाल आकार) १४६० सांगितलेला, विनंती गेलेली आणि पुढे शांतता. पीएफ या फायरवॉलच्या सेटिंगमधल्या स्क्रबच्या ओळीत (झेडपूलच्या स्क्रबशी तिचा संबंध नाही) कमाल एमएसएस १४५२ केला आणि सगळ्या साइट उघडल्या.

पिंग हा प्रोग्राम माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिला, आणि इफकॉन्फिग त्याच वर्षीच्या ४.२बीएसडीपासून आहे. एवढ्या जुन्या साधनांवर आजही काम होतं यात मला मोठा आधार वाटतो. इथे इफकॉन्फिगला बाजूला सारून नवं काही आणलेलं नाही, त्यालाच वाढवत नेलंय. एकदा शिकलेलं वाया जात नाही.

आता उणी बाजू. वायफायसाठी म्हणून हे घेऊ नका. इंटेलच्या नव्या कार्डांचा ड्रायव्हर लिनक्सवरून आणलेला आहे आणि बराच काळ तो जुन्या, कमी वेगाच्या पद्धतींवरच चालत होता. १४.३ मध्ये ८०२.११एन आणि एसी या जास्त वेगाच्या पद्धती आल्या, तेव्हापासून लॅपटॉपवर फरक स्पष्ट जाणवतो. पण ज्या लॅपटॉपवर टाकायचं असेल त्याचं कार्ड आधी तपासा, मगच ठरवा. दुसरं म्हणजे, चूक केली तर इथे कुणी हात धरत नाही. दुरून एसएसएचने आत असताना नेटवर्क नव्याने सुरू करणारं ‘सर्व्हिस नेटइफ रीस्टार्ट’ दिलं तर जोडणी तर तुटतेच, शिवाय डीफॉल्ट रस्ताही जाऊ शकतो. ‘सर्व्हिस राउटिंग रीस्टार्ट’ सोबतच एका ओळीत द्या, आणि शक्य असेल तर कीबोर्डसमोर बसूनच करा.

अद्ययावत करताना मात्र मी निर्धास्त असते. झेडएफएसवर बूट एन्व्हायर्नमेंट म्हणजे चालू प्रणालीची एक प्रत बाजूला ठेवता येते, आणि नवी आवृत्ती रुसली तर बूटच्या यादीतून जुनी निवडायची. १४.३ वर जाताना मला तिची गरज पडली नाही, तरी ती अजून ठेवली आहे.

यातून लागलेली एक सवय सांगते. सगळं सुरळीत चालू असलेल्या दिवशी मी डीमेसेज, पीसीआयकॉन्फ, इफकॉन्फिग, नेटस्टॅट आणि दोन्ही डिस्कचं स्मार्ट, यांचं सगळं आउटपुट तारीख घालून एका फोल्डरमध्ये ठेवते. बिघाड झाला की तीच पाच आउटपुटं पुन्हा काढते आणि ‘डिफ’ लावून फरक पाहते. गेल्या महिन्यात बोर्डावरचा एक यूएसबी पोर्ट गेला, तेव्हा जुन्या डीमेसेजमध्ये असलेली एक ओळ नव्यात गायब होती. शोधायला चार मिनिटं लागली.