एक दिवस बुडाला तरी चालेल: लूप हॅबिट ट्रॅकर

सवयींची नोंद ठेवणारी बरीचशी ॲप्स सलग दिवसांवरच भर देतात. महिनाभर नेमाने चालणं होतं, एका संध्याकाळी लोकल रखडते, आकडा शून्यावर येतो आणि माणूस ॲपच काढून टाकतो. लूपमध्ये सलग दिवस दिसतात, पण खरा आकडा सवयीच्या स्कोअरचा. रोजची सवय महिनाभर न चुकता पाळली की तो 80 टक्क्यांपर्यंत चढतो, दोन महिन्यांत 96. एक दिवस चुकला तर 80 चे 76 होतात, एवढंच. गणपतीला दहा दिवस गावी गेलात आणि काहीच केलं नाहीत, तर मात्र 47. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या 2010 च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले होते आणि एखादा खाडा झाल्याने फारसं बिघडलं नव्हतं. लूपचा हिशेब त्याच्याशी जुळतो, म्हणून ते आम्हाला पटतं.

ॲप मोफत आहे, जाहिराती नाहीत, खातंही उघडावं लागत नाही. आयफोनवर मात्र मिळत नाही.

सुरुवात दोनच सवयींनी करा. प्रश्न नेमका लिहा. ‘व्यायाम केला का?’ यात पळवाट आहे. ‘स्टेशनवरून घरी जाताना तलावपाळीला एक फेरी मारली का?’ यात नाही. रिमाइंडर ठाण्याला उतरायच्या वेळेचा लावा, गर्दीच्या डब्यात वाजून उपयोग नाही. येऊरची चढण रोज जमणारी नसेल तर आठवड्यातून 3 वेळा ठरवा. चहासाठी मोजणीचा प्रकार निवडून ‘जास्तीत जास्त’ 2 कप लिहा.

पावसाळ्यासाठी सेटिंग्जमध्ये ‘स्किप’, म्हणजे एखाद्या दिवसाला सूट देण्याची सोय, चालू करून ठेवा. त्याने स्कोअर हलत नाही, सलग दिवसही तुटत नाहीत. मात्र तो मुसळधार पाऊस आणि तापापुरताच. रिमझिमीलाही स्किप दिलात तर त्या स्कोअरला अर्थ उरत नाही.

रिमाइंडर वाजत नसेल तर दोष बहुधा फोनच्या बॅटरी बचतीचा असतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये लूपवरचं बॅटरीचं बंधन काढा, ‘ऑटोस्टार्ट’ असेल तर तेही चालू करा. खूण करायला बोट दाबून धरावं लागतं. ते ॲपच्या सेटिंग्जमध्ये बदलता येतं. पावलं हे ॲप स्वतः मोजत नाही, आकडा तुम्हालाच भरावा लागतो.

सगळी नोंद फोनमध्येच राहते. त्यामुळे महिन्यातून एकदा पूर्ण बॅकअप काढा आणि ती फाइल ड्राइव्हवर किंवा स्वतःला मेल करून ठेवा. फोन हरवला तर दुसरीकडून ती परत मिळेल याची खात्री नसते.