आर्खानेसची लाल वाईन आणि नागपूरचं ऊन

ग्रीसच्या क्रीट बेटावरची, आर्खानेस या नावाने विकली जाणारी लाल वाईन दोन स्थानिक द्राक्षांची असते, कोत्सिफाली आणि मांदिलारी. प्रमाण साधारण तीन भाग कोत्सिफाली, एक भाग मांदिलारी. एकट्या कोत्सिफालीची वाईन मऊ, सुवासिक आणि मद्यांशाने चढी, पण रंगाने फिकी असते आणि हवेशी लवकर बिघडते. मांदिलारीचं उलट. साल जाड, रंग गडद, तुरटपणा भरपूर आणि मद्यांश बेताचा. म्हणून दोघांची सोयरीक. बाटली चांगली निघाली तर पिकलेला आलुबुखार, सुकं अंजीर, थोडा लवंग-दालचिनीचा वास आणि शेवटी जिभेच्या कडांना हलकी तुरट पकड मिळते. मद्यांश बहुधा १३ ते १४ टक्के. रंग विटकरीकडे झुकलेला दिसला तर लगेच खराब समजू नये, कोत्सिफालीचा तो स्वभावच आहे. मात्र विटकरी रंगासोबत शिळ्या सफरचंदाचा वास आला, तर ती बाटली गेली.

आर्खानेस हे क्रीट बेटावर हेराक्लिओनच्या दक्षिणेला सुमारे १५ किलोमीटरवर, ८११ मीटर उंचीच्या युक्तास डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं गाव. आजची घरं मिनोअन काळातल्या, म्हणजे क्रीटवरच्या कांस्ययुगीन संस्कृतीतल्या, राजवाड्यासारख्या मोठ्या इमारतीवर उभी आहेत. यानिस आणि एफी साकेलाराकिस या दांपत्याने १९६४ पासून इथे खोदकाम केलं, पण गाव उठवता येत नाही, त्यामुळे घरांच्या मधे मोकळ्या सापडलेल्या तुकड्यांतच ते झालं. तुर्कोयितोनिया या वस्तीतला भाग कुंपणाबाहेरून दिसतो. भंडारा जिल्ह्यातलं, जुन्या अवशेषांवरच वसलेलं पवनी ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

वाईनच्या दृष्टीने मात्र खरी पाहण्याची जागा गावापासून चारेक किलोमीटर दक्षिणेला आहे, वाथिपेत्रो. स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९४९ पासून इथला मिनोअन वाडा खणला आणि त्यात द्राक्षं तुडवायची सोय सापडली. उंचावर ठेवलेलं तोटीचं मातीचं भांडं, त्यात पायांनी द्राक्षं तुडवायची, रस तोटीतून खालच्या भांड्यात उतरायचा. वाडा इसवी सनपूर्व सोळाव्या शतकातला. या एका खोलीत जे कळतं ते दुकानातल्या माहितीपत्रकात कळत नाही.

यावरून काही विक्रेते ‘चार हजार वर्षांची वाईन’ असं सांगतात. ते मनावर घेऊ नये. या मातीत वाईन करण्याची परंपरा तेवढी जुनी आहे हे खरं, पण आजच्या वेली तेव्हाच्या नाहीत. १९७० च्या दशकात फिलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड क्रीटमध्ये पोचली आणि त्यानंतर मळे नव्याने लावावे लागले. गावाची जुनी कीर्ती तर रोझाकी या खाण्याच्या द्राक्षाची होती. ही वाईन चांगली आहे ती आजच्या शेतकऱ्यांच्या कष्टाने, आणि तिला तेवढं श्रेय पुरेसं आहे.

खरेदी करताना लेबलवर दोन प्रकार दिसतील. ‘पी.डी.ओ. आर्खानेस’ (मूळ गावाच्या नावाला संरक्षण देणारा दर्जा) म्हणजे ठरलेल्या गावांतली, याच दोन द्राक्षांची कोरडी लाल वाईन. हा दर्जा १९७१ पासूनचा. ‘पी.जी.आय. क्रीट’ (सगळ्या बेटाच्या नावाचा, सैल नियमांचा दर्जा) असेल तर कोत्सिफालीत सिराह किंवा काबर्ने ही फ्रेंच द्राक्षं मिसळलेली असू शकतात. दुसरी अनेकदा जास्त गुळगुळीत लागते, पण कोत्सिफालीची ओळख करून घ्यायची असेल तर पहिलीच घ्यावी. लाकडी पिंपात मुरवलेल्या महाग बाटलीपेक्षा दोन ते चार वर्षांची साधी बाटली आमच्या मते सरस, कारण जास्त लाकूड या द्राक्षाचा नाजूक वास दाबून टाकतं. फार जुनी बाटली स्वस्तात मिळाली तरी सोडून द्यावी.

आणण्याचा हिशोब सोपा आहे. भारतात प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य विनाशुल्क आणता येतं. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घेतली की मर्यादा ओलांडते. प्रत्येक बाटली आधी प्लॅस्टिक पिशवीत, मग जाड टॉवेलात गुंडाळून चेक-इन बॅगेच्या मधोमध ठेवावी, कडेला नको. मुंबईला उतरून पुढे नागपूरला विमानानेच यावं. समृद्धी महामार्ग आणि रेल्वे दोन्ही वर्धा जिल्ह्यातून येतात आणि वर्ध्यात दारूबंदी आहे. घरी ठेवण्या-पिण्यासाठी महाराष्ट्राचा परवानाही लागतो.

नागपुरात खरी परीक्षा साठवणीची. ही वाईन १२ ते १६ अंशांत सुखी असते आणि इथे एप्रिल-मेमध्ये बंद खोलीसुद्धा ३५ च्या वर जाते. काही आठवडे अशा उन्हाळ्यात गेले की आतली वाईन फुगते, बूच किंचित वर सरकतं, गळ्याशी चिकट ओघळ दिसतो आणि थंड झाल्यावर आत हवा शिरते. मग ताज्या फळाऐवजी उकळलेल्या मनुकांचा वास येतो. कूलरची खोलीही चालत नाही. थोडी थंड असली तरी तापमान दिवसरात्र वरखाली होतं. स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर तर ठेवूच नये. वाईनचा खास फ्रीज नसेल तर साध्या फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवावी. दोन-तीन महिने काही बिघडत नाही. सगळ्यांत बरं म्हणजे दिवाळीनंतर आणून संक्रांतीच्या आत संपवावी. उभ्या उन्हात गाडीच्या डिक्कीत एक दुपारसुद्धा पुरते नासवायला.

प्यायला १५-१६ अंश हवेत. ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड देशातल्या खोलीचा आहे. नागपूरच्या खोलीत ती कोमट होते आणि नाकात फक्त मद्य चढतं. ३० अंशांच्या खोलीतली बाटली फ्रीजमध्ये दीड-दोन तास किंवा बर्फ आणि पाणी भरलेल्या बादलीत १५ ते २० मिनिटं ठेवावी. नुसता बर्फ घातला तर वेळ जास्त लागतो, कारण काचेला तो सगळीकडून टेकत नाही. उलट भाजीच्या कप्प्यातली बाटली अर्धा तास आधी बाहेर काढावी. फार थंड असली की मांदिलारीचा तुरटपणाच तेवढा पुढे येतो. उघडून वीस मिनिटं पुरेत, तासन्‌तास हवा देऊ नये.

आता ताटाकडे. सावजी मटणासोबत ही वाईन घेऊ नका. तिखटाने तोंडातल्या ज्या नसा चेततात त्यांनाच मद्यही चेतवतं, तर्रीची आग दुप्पट भासते आणि वर तुरटपणा जीभ कोरडी करतो. सावजीही वाया, वाईनही वाया. पाटोडी रश्शाचं तेच, पण रस्सा बाजूला ठेवून नुसती पाटोडी चालते. सांबारवडी उत्तम: तळलेलं बेसन आणि कोथिंबीर यांना कोत्सिफालीचा मऊपणा छान झेलतो. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, मिरची हात राखून, ही आमची पहिली पसंती. भाजल्याचा धूर आणि पिकल्या आलुबुखाराचा वास एकमेकांत मिसळतात. मांसाहारात मिरी-धण्याचं सुकं मटण घ्यावं. मीठ आणि चरबी मांदिलारीची धार बोथट करतात. गोड पदार्थासमोर मात्र ही आंबट लागते, म्हणून संत्रा बर्फी नंतर, ग्लास रिकामा झाल्यावर.

बाटली उरली तर बूच लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. तिसऱ्या दिवशी वास उतरला असेल तर सुक्या मटणात अर्धी वाटी घालून मद्य उडेपर्यंत उघड्या कढईत शिजवा. मीठ शेवटी चाखूनच घाला, आटलेल्या वाईनने आंबटपणा वाढलेला असतो.