फॅटी लिव्हरचं मॉडेल: प्राण्यांना कोणता आहार द्यावा?

एम. फार्म.ची सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहायची वेळ येते तेव्हा यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याकडच्या कॉलेजांत बहुतेकांची वनस्पती आधीच ठरलेली असते. भुईआवळा, पुनर्नवा, उन्हाळी, नाहीतर कुटकी. घोडं अडतं ते मॉडेलवर, म्हणजे प्राण्यांत आजार कसा आणायचा यावर. कार्बन टेट्राक्लोराइड हे विषारी रसायन टोचून यकृत बिघडवण्यापेक्षा आहारातून आजार आणायचा, असं ठरवलं असेल तर उत्तमच. फक्त कोणता आहार, हे औषधाबद्दल तुम्हाला काय सिद्ध करायचंय त्यावरून ठरवा. हातात किती महिने उरलेत त्यावरून नको.

मेथिओनिन आणि कोलीन वगळलेला आहार, म्हणजे एमसीडी, सगळ्यांना मोहात पाडतो. कोलीन मिळालं नाही की यकृताला फॉस्फॅटिडिलकोलीन हा मेदघटक पुरेसा बनवता येत नाही. मग व्हीएलडीएलमधून (यकृतातली चरबी रक्तात नेणाऱ्या कणांतून) बाहेर जाणारी चरबी पेशींतच साचते. माइसमध्ये (लहान उंदरांत) दोनेक आठवड्यांत चरबी दिसते आणि आठ आठवड्यांच्या आसपास सूज आणि फायब्रोसिसही, म्हणजे यकृतात व्रणासारखे तंतू साचणं. पण प्राणी वाळत जातात. वजन 20 टक्क्यांहून जास्त उतरू शकतं आणि इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला दाद न देणं, तर येतच नाही. ओपीडीत दिसणारा फॅटी लिव्हरचा पेशंट बहुधा पोट सुटलेला, साखर वाढलेला असतो. 2023 मध्ये या आजाराचं नाव बदलून एमएएसएलडी झालं, तेव्हा ‘मेटाबॉलिक’ हा शब्द नावातच आला. तुमच्या सिनॉप्सिसमध्येही तो शब्द असेल, तर एमसीडी तुमच्या कामाचा नाही. शिवाय आपल्याकडे अ‍ॅनिमल हाऊसमध्ये बहुतेक विस्टार जातीचे रॅट (मोठे उंदीर) असतात. त्यांच्यात या आहाराने चरबी भरपूर साचते, पण सूज आणि फायब्रोसिस सी57 जातीच्या माइसइतकं येत नाही.

60 टक्के ऊर्जा चरबीतून देणारा हाय-फॅट आहार याच्या अगदी उलट. लठ्ठपणा येतो, इन्सुलिन रेझिस्टन्स येतो, यकृत पिवळट पडतं. फायब्रोसिस मात्र महिनोन्‌महिने थांबूनही नावापुरतंच. फ्रुक्टोज आणि 2 टक्के कोलेस्टेरॉल घातलेला जीएएन आहार माणसाच्या आजाराच्या बराच जवळ जातो, पण ठळक फायब्रोसिसला सहा-सात महिने लागतात. पीएच.डी.वाल्यांनी तो जरूर घ्यावा. एम. फार्म.च्या वेळापत्रकात तो बसत नाही.

मधला मार्ग सीडीएएचएफडीचा, म्हणजे कोलीन वगळलेल्या हाय-फॅट आहाराचा. कोलीन नाही, मेथिओनिन फक्त 0.1 टक्का, चरबी 60 टक्के ऊर्जेइतकी. माइसचं वजन टिकून राहतं आणि सहा ते बारा आठवड्यांत फायब्रोसिस येतं. औषधाचा फायब्रोसिसवरचा परिणाम पाहायचा असेल तर मी हाच घ्यायला सांगेन. लठ्ठपणाचा दावा यावरही करता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आता आपल्याकडच्या स्वस्त पर्यायाबद्दल. वनस्पती तूप आणि खोबरेल तेल 3:1 प्रमाणात रॅटला पाजायचं, ही पद्धत आपल्या फार्मसी कॉलेजांत फार चालते. जुन्या पेपरांतला डोस आणि कालावधी तसाच्या तसा उचलू नका. जुन्या डालड्यात ट्रान्स फॅट भरपूर असायचं. एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) जानेवारी 2022 पासून ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्क्यांवर आणली. डबा तसाच दिसतो, पण आतलं तूप आता ते राहिलेलं नाही. म्हणून आधी थोड्या प्राण्यांवर पायलट (छोटी चाचणी) करा आणि ब्रँड, बॅच नंबर वहीत लिहून ठेवा.

कंट्रोल गटाबाबत मी हट्टी आहे. नेहमीची पेलेट, म्हणजे रोजच्या खाद्याच्या गोळ्या, हा हाय-फॅट आहाराचा कंट्रोल नव्हे. तिच्यात धान्य, सोयाबीन, तंतू असं बरंच काही असतं, आणि मग फरक चरबीमुळे पडला की तंतूंमुळे, हे सांगता येत नाही. त्याच शुद्ध घटकांचा, फक्त चरबी कमी असलेला आहार मागवा. एमसीडीसाठी तोच आहार मेथिओनिन-कोलीन घालून. खर्च वाढतो, पण इथे काटकसर केली तर सगळा डेटा संशयात जातो.

आणि आपला उन्हाळा. पारा 45 वर गेला की प्राणी एरवीही कमी खातात, त्यात भारनियमन. हाय-फॅट खाद्य बाहेर राहिलं की मऊ पडतं, खवट वास मारतं. जाळीतून चुरा खाली पडतो आणि तुम्ही तो खाल्लेला धरता. खाद्य फ्रीजरमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांचंच बाहेर काढा, खाली सांडलेलंही तोला. शक्य असेल तर प्रयोग पावसाळ्यात सुरू करून होळीच्या आत संपवा.

एथिक्स कमिटीकडे अर्ज करताना वजन किती उतरेल आणि किती उतरल्यावर प्राणी प्रयोगातून काढाल, हे आधीच लिहा. काही जास्तीचे प्राणीही मागा. औषध सुरू करण्याआधी त्यांचं यकृत काढून एच अँड ई आणि (तंतू दाखवणाऱ्या) सिरियस रेड या रंगांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. आजार आलेलाच नसेल तर औषधाचा डोस पुढे ढकलून आहार चालू ठेवता येतो.