बडोद्यात घरी प्रवाळाची टाकी: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

आधी निकाल सांगते. टाकी छान चालू आहे, आतले जीव ठणठणीत आहेत, आणि हा खर्च पुन्हा करायची वेळ आली तर मी आनंदाने करेन. मात्र पैसे जातात ते भलत्याच ठिकाणी. मासे आणि प्रवाळ हा या छंदातला किरकोळ खर्च. बडोद्यात खरा पैसा आणि खरी मेहनत जाते ती पाण्यावर: ते शुद्ध करायला, आणि एप्रिल ते जुलै थंड ठेवायला. तिथे हात आखडता घेतला नाही, तर बाकीच्या बऱ्याच गोष्टी घरच्या घरी, स्वस्तात होतात.

मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या पूर्वेकडच्या भिंतीला टाकी आहे. पश्चिमेची भिंत मुद्दाम सोडली, दुपारनंतर ती तापून निघते. माप दोन फूट बाय दीड फूट, उंची दीड फूट. काच दहा मिलिमीटरची, इथल्याच काचवाल्याकडून चिकटवून घेतली. कागदावर सव्वाशे लिटर भरतात, पण दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी शंभर लिटरच्या आसपास. याहून लहान टाकी स्वस्त दिसते, पण तिच्यात तापमान आणि खारटपणा दिवसभरात वरखाली होतो. नवख्या माणसाने शंभर लिटरच्या खाली जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

टाकी बघायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो की समुद्राचं पाणी कुठून आणता? आपल्याला जवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात. कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाला जे गेलेत त्यांनी ते पाणी पाहिलं आहे. भरतीला अख्खं देऊळ बुडतं, ओहोटीला पुन्हा उघडं पडतं, आणि पाणी बारा महिने मातकट. साबरमती, मही, नर्मदा, तापी या चारही नद्यांचा गाळ तिथे येतो, वाटेवरच्या कारखान्यांचं सांडपाणीही येतं. प्रवाळाच्या टाकीला ते पाणी चालायचं नाही.

दुसरा प्रश्न बहुतेक गुजराती शेजाऱ्यांकडून येतो: इथे एवढं मीठ पिकतं, मग परदेशी मीठ कशाला? प्रश्न रास्त आहे. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून साधारण 85 टक्के असतात. उरलेल्या भागात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. मिठागरात पाणी आटताना मीठ बाजूला होतं आणि मॅग्नेशियमसारखे क्षार मागच्या कडू पाण्यातच राहतात. भावनगरला 1954 पासून केंद्रीय मीठ संशोधन संस्था आहे, त्या कडू पाण्यातून उपयोगी क्षार काढण्यावर तिथे बरंच काम झालं आहे. पिशवीतल्या मिठात ते क्षार जवळजवळ नसतात, आणि प्रवाळाला नेमके तेच लागतात. म्हणून रीफ टाकीसाठी, म्हणजे प्रवाळाच्या टाकीसाठी, तयार केलेलं मीठच घ्यायचं. दहा लिटरला 360-370 ग्रॅम पडतं. मी किलोला साडेतीनशे ते चारशे रुपयांच्या भावाने घेतलं. आठवड्याला दहा लिटर पाणी बदलते, म्हणजे महिन्याला दीड किलो मीठ.

आता गोडं पाणी. सयाजीराव महाराजांनी बांधलेल्या आजवा सरोवराचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा, पण प्यायला उत्तम असलेलं पाणी टाकीला उत्तम असेलच असं नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, फॉस्फेट आणि सिलिकेट असू शकतं, जुन्या नळजोडणीतून तांबंही उतरू शकतं. तांब्याचा जरासा अंश गोगलगायी, झिंगे आणि प्रवाळ मारायला पुरतो. स्वयंपाकघरातला आरओ इथे पुरत नाही. त्यातला टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर चवीसाठी थोडं कच्चं पाणी मुद्दाम परत मिसळतो. मी वेगळा आरओ घेतला, त्याच्यापुढे उरलेसुरले क्षार काढणारी रेझिनची डीआय नळी लावली, आणि टीडीएस मीटरवर शून्य येईल तेच पाणी वापरते. शून्याचे दोन-तीन झाले की रेझिन बदलायचं, चालढकल करायची नाही. आरओ जे वाया पाणी बाहेर टाकतो ते गॅलरी आणि फरशी धुवायला जातं.

मीठ बादलीत टाकून छोटा पंप रात्रभर फिरत ठेवते आणि सकाळी खारटपणा मोजते. लक्ष्य 35 पीपीटी, म्हणजे हजार भागांत 35 भाग क्षार. त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटरच (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणारी दुर्बिणीसारखी नळी) घ्या, प्लॅस्टिकच्या काट्याचा स्वस्त हायड्रोमीटर भरवशाचा नाही. आणि रिफ्रॅक्टोमीटर 35 पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घ्या. शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारं यंत्र 35 ला चुकू शकतं.

दगडांबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे कायद्याचाही प्रश्न आहे. रीफ बांधणारी सगळी कडक प्रवाळं 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रपंखे, काळं प्रवाळ आणि अग्निप्रवाळही त्याच यादीत. बाजारात लाइव्ह रॉक म्हणून जो दगड मिळतो तो बहुतेक वेळा मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाच असतो. आपल्या राज्यात जामनगरजवळ देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, 1982 चं. नराऱ्याला ओहोटीच्या वेळी चालत जाऊन जिवंत प्रवाळ बघता येतं, अशी जागा देशात दुर्मीळ. त्या किनाऱ्याच्या राज्यात राहून कुणीतरी फोडून आणलेला दगड हॉलमध्ये मांडणं मला पटत नाही. कुणी स्वस्तात देत असेल तर अजिबात घेऊ नका.

मी दगड घरी केले. एक भाग साधं सिमेंट, तीन भाग शिंपल्यांचा चुरा, आणि भोकं पडावीत म्हणून मूठभर खडे मीठ. शिंपल्यांचा चुरा कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्यांकडे गोणीने मिळतो. ओल्या वाळूत हाताने खड्डे करायचे, मिश्रण ओतायचं, मधूनमधून बोट खुपसून बोगदे ठेवायचे. घट्ट झाल्यावर खरा धीर लागतो. सिमेंटमुळे पाण्याचा पीएच 12 च्या घरात जातो, त्यामुळे दगड पिंपात भिजत टाकून पाणी बदलत राहायचं, पीएच सव्वाआठच्या आसपास टिकेपर्यंत. याला दीड-दोन महिने सहज जातात. तोवर मीठ विरघळून दगड सच्छिद्र होतो आणि जिवाणूंना घर मिळतं. सगळा खर्च हजाराच्या आत. आज त्यांच्यावर जांभळट थर चढला आहे, सांगितल्याशिवाय हे सिमेंट आहे असं कुणाला वाटत नाही.

सायकलिंगबद्दल, म्हणजे टाकीत उपयोगी जिवाणू बसवण्याबद्दल, थोडक्यात. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, घरच्या दगडांवर जास्तच. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत टाकीत एकही मासा नको. मग तपकिरी थर येतो, त्यामागून हिरवं शेवाळ. दोन्ही ओसरतात, औषधं ओतू नका.

आता उन्हाळा. मऊ प्रवाळालाही 24 ते 27 अंश लागतात. प्रवाळाच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला खाऊ घालतं, आणि पाणी 30 च्या वर काही दिवस राहिलं की प्रवाळ तेच शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. बडोद्यात मे महिन्यात बाहेर 42, घरात पंख्याखाली 34-35. चिलरची (पाणी थंड करणाऱ्या यंत्राची) किंमत विचारली तर ती बाकीच्या सगळ्या सेटअपच्या जवळपास निघाली. म्हणून पाण्यावर वारा मारणारे दोन छोटे डीसी पंखे लावले आणि ते तापमान कंट्रोलरला जोडले. 26.5 च्या वर गेलं की पंखे आपोआप सुरू.

पंख्यांचं काम माठासारखं चालतं. पाणी उडतं, जाताना उष्णता घेऊन जातं. मेच्या कोरड्या हवेत टाकीतून दिवसाला तीन लिटर उडतात, म्हणजे दिवसरात्र 80-85 वॅट उष्णता बाहेर जाते, आणि पंखे स्वतः दहा वॅटही खात नाहीत. अख्खा मे टाकी 27 च्या आतबाहेर राहिली. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं, त्यामुळे भर घालायची ती गोड्या डीआय पाण्याचीच. उन्हाळ्यात हे हाताने करत बसू नका, फ्लोट व्हॉल्व्ह आणि एक बादली लावून टाका.

खरी परीक्षा जूनच्या मध्यापासून. पाऊस दारात असतो, हवा ओलीकच्च, आणि पाणी उडेनासं होतं. माठाचं पाणीही त्याच दिवसांत कोमट लागतं. 36 अंश आणि 65 टक्के आर्द्रतेत पंखा पाणी 30 च्या खाली नेऊ शकत नाही, कितीही मोठा लावा. त्या दिवसांत मी दुपारी हॉलचा एसी 27 वर चालवला, आणि एसी बंद असताना फ्रीजरमध्ये गोठवलेल्या एक लिटरच्या बाटल्या टाकीत तरंगत सोडल्या. हिशोब सोपा आहे: एक लिटर बर्फ शंभर लिटर पाणी साधारण एका अंशाने उतरवतो. एका वेळी एकच बाटली, दोन टाकल्या की झटका बसतो. ज्यांच्या हॉलमध्ये एसी नाही त्यांनी सरळ चिलरचे पैसे धरून बसावं, किंवा या छंदात पडू नये. मला हे आधी कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं म्हणून लिहिते आहे.

थंडीचा त्रास नाही. उत्तरायणाच्या सुमारास पहाटे गारठा असतो, तेवढ्यापुरता शंभर वॅटचा हीटर पुरतो. लाइट गेली तर काय, याची सोय मात्र पहिल्या दिवसापासून हवी. पाणी हलायचं थांबलं की ऑक्सिजन घटतो, आणि गरम पाण्यात तो आधीच कमी असतो. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा हवेचा पंप हजाराच्या आत मिळतो. सगळ्या वायरी बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोल देऊन घ्या, म्हणजे खारं पाणी ओघळत प्लगमध्ये शिरणार नाही, आणि घरात ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी ते बसवा.

आत आहेत ते सगळे मऊ प्रकार: लेदर, मशरूम, झोआ, हिरवे स्टार पॉलिप. यांना 50-60 वॅटचा निळसर एलईडी आठ तास पुरतो. तुकडे दुसऱ्या हौशी लोकांनी वाढवलेल्या वसाहतींतून घेतले. जोडीला दोन क्लाउन मासे, तेही पैदाशीचे. क्लाउनची पैदास आपल्याकडे जमलेली आहे, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तमिळनाडूतल्या मंडपम केंद्रात त्यावर चांगलं काम झालं, त्यामुळे रीफमधून पकडलेला मासा घ्यायचं कारण उरलेलं नाही. एका दुकानात मला याच मापाच्या टाकीसाठी ब्लू टँग सुचवला होता. तो मासा जवळजवळ फूटभर वाढतो. शंभर लिटरमध्ये तो ठेवणं क्रूरपणा आहे.

लेदरबद्दल एक गोष्ट आवर्जून. अधूनमधून तो सगळे पॉलिप (फुलासारखी छोटी तोंडं) आत ओढून घेतो, देठ आक्रसतो, वर मेणचट चकचकीत कात धरते. चार-पाच दिवस तो मेल्यासारखा दिसतो. जवळून पाहिलं तर कडेने कात सुटून पातळ पापुद्रा पाण्याच्या झोताबरोबर फडफडताना दिसतो, आणि तो गळाला की खालून पिवळसर, कोवळे पॉलिप एकेक करून उघडतात. या दिवसांत त्याला हलवू नका, फक्त वेव्हमेकरचा (पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपाचा) झोत थोडा त्याच्याकडे वळवा. आमची क्लाउन जोडी याच लेदरमध्ये झोपते. ॲनिमोनशिवाय (समुद्रफुलाशिवाय) क्लाउन राहत नाही असं सांगून महागडा ॲनिमोन गळ्यात मारणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

झोआ दिसायला गोजिरे असले तरी त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. दगड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि असा दगड कधीही गरम पाण्यात उकळू नका, त्या वाफेने माणसं दवाखान्यात पोचलेली आहेत. घरात लहान मुलं असतील तर टाकीला झाकण हवंच.

दर रविवारी सकाळी केएच, म्हणजे पाण्याची क्षारता, मोजते. एपीआयचा किट आहे: पाच मिली पाणी, एकेक थेंब, नळी हलवायची. पहिले थेंब पाणी निळंच ठेवतात, आठव्या-नवव्याला ते एकदम पिवळं होतं, तेवढा आकडा. आठच्या खाली आलं तर साधा खायचा सोडा. शंभर लिटरला तीन ग्रॅम टाकले की केएच एक अंश चढतं. सोडा आधी डीआय पाण्यात विरघळवून हळूहळू ओतायचा. बेकिंग पावडर वेगळी, ती नको. बाटलीतली महागडी पूरकं मऊ प्रवाळाच्या टाकीला लागली नाहीत, आठवड्याचं पाणी बदलणं पुरतं. स्किमरही (फेसातून घाण काढणारं यंत्र) अजून घेतलेला नाही, दोन माशांच्या घाणीला कापसाचा फिल्टर पुरे.

सगळं मिळून चाळीस हजारांच्या आसपास गेले. त्यात मोठे आकडे एलईडी, आरओ-डीआय, मीठ आणि टेस्ट किट यांचे, जीव सगळे मिळून पाच हजारांच्या आत. महिन्याचा खर्च मिठाचे पाचसहाशे, साधारण तीस युनिट वीज, आणि जून-जुलैत एसीचं जे वाढेल ते वेगळं.

गणपती-दिवाळीत गावाला जायचं असेल तर खाणं रोजच्या पुड्या बांधून ठेवा आणि उरलेला डबा कपाटात बंद करा. शेजारच्या मावशी प्रेमाने जास्त घालतात, आणि जास्तीचं खाणं कुजून होणारा अमोनिया एवढ्याशा पाण्याला झेपत नाही. मोठ्या माशांना दोन दिवस उपास घडला तरी काही बिघडत नाही. मावशींना तीनच गोष्टी सांगून जाते: बादलीत पाणी आहे का बघा, कंट्रोलरवर 28 च्या वर आकडा दिसला तर फोन करा, आणि लाइट गेलीच तर हवेचा पंप गुरगुरतोय ना, ते कान देऊन ऐका.